‘फोन दुरुस्तीला दिलाय, बाई’

मॅडम,
मी सोलापुरात राहते. घरी मशीनवर शाळेचे गणवेश शिवते, नगावर पैसे मिळतात. ह्यांची टॉवेलच्या कारखान्यात रातपाळी असते. रात्री 8 ला जातात, सकाळी 8 ला येतात. मुलगी 10 वीत आणि मुलगा 8 वीत, दोघं एकाच अनुदानित मराठी शाळेत, शाळा 11 ते 5. घरात टचचा फोन एकच, तो ह्यांचा. माझा बटणाचा. शाळेचा गृहपाठ व्हॉट्सॲपवर येतो, विज्ञानाच्या बाई व्हिडिओ पाठवतात, रविवारी टेस्टही फोनवरच. संध्याकाळी ह्यांची जायची गडबड, त्यात मुलगा आधी फोन घेतो. मुलीला 15-20 मिनिटं मिळतात. राहिलेलं ती समोरच्या घरातल्या मुलाचा फोन मागून, त्यांच्या ओट्यावर बसून उतरवून घेते. पालकसभेत बाई म्हणाल्या, दहावी आहे, एक फोन घ्याच. परवा तिच्या मैत्रिणीकडून कळलं, मुलगी 3 महिने वर्गात सांगतेय की फोन दुरुस्तीला दिलाय. मला फार लागलं. दुकानदार हप्त्यावर द्यायला तयार आहे, महिन्याला 1,400 रुपये, 10 महिने. हे म्हणतात, पोरीच्या हातात फोन नको. मी ह्यांना न सांगता हप्ता भरू का? आमच्या परिस्थितीपायी पोरीचं नुकसान होईल का?
— एक आई, सोलापूर

ताई,

हप्त्याचा फोन आत्ता घेऊ नका. यजमानांना न सांगता तर मुळीच नको. एवढं आधी सांगून टाकते, कारण दुकानदार सणाची ऑफर संपेल म्हणून मागे लागला असेल. बाकीचं सावकाश बोलू.

तुमच्या पत्रात मला सगळ्यात जड गेलं ते मुलीचं वाक्य. ‘फोन दुरुस्तीला दिलाय.’ 3 महिने एकच कारण सांगायचं म्हणजे रोज नवी तयारी करावी लागते. आज कुणी विचारलं तर काय सांगायचं, कुठल्या दुकानात दिलाय म्हणायचं, अजून कसा आला नाही म्हणायचं. हा अभ्यास ती भूमितीच्या वर करत होती. तिला खोटं बोलण्याबद्दल रागावला नसाल अशी आशा आहे. रागावला असाल तर आज रात्री जेवताना तिला जवळ घ्या आणि म्हणा, ‘आपल्याकडे एकच फोन आहे, हे सांगायला लाज वाटायचं काही कारण नाही, आणि शाळेत ते मी सांगणार आहे.’ हे ओझं तिच्या डोक्यावरून तुमच्या डोक्यावर आलं की अर्धं काम झालं. तुमचं डोकं या कामाला पुरेसं भक्कम आहे. पत्रावरूनच दिसतंय.

तुम्ही गणवेश शिवता. शेकडो मुलांच्या अंगावर तुमच्या हातची शिलाई असते. गणवेशामागचा विचार साधा होता: शाळेच्या दारातून आत आल्यावर कोणाच्या घरी काय आहे ते दिसू नये. पुस्तकंही सगळ्यांची बालभारतीचीच. फळा सगळ्यांना सारखाच दिसायचा, मागच्या बाकावरच्याला थोडा पुसट, एवढंच. आता गृहपाठ फोनवर गेला आणि जे गणवेशाने झाकलं होतं ते रोज संध्याकाळी उघडं पडायला लागलं. त्यामुळे तुमच्या शेवटच्या प्रश्नाला माझं उत्तर असं: तुमच्या परिस्थितीने मुलीचं नुकसान केलेलं नाही. गृहपाठ पोचवायचा एकच रस्ता ठेवला आणि तो ज्यांच्या घरावरून जात नाही त्यांचा विचार केला नाही, नुकसान त्यातून होतंय. आणि ते दुरुस्त होण्यासारखं आहे.

‘सगळ्यांकडे फोन असतो’ असं शाळेत म्हणतात, त्यात तथ्य आहे. म्हणूनच ते वाक्य घातक आहे. ‘असर’ नावाची पाहणी देशभरातल्या ग्रामीण भागात होते. त्यांनी 2023 मध्ये 28 जिल्ह्यांतल्या 14 ते 18 वयाच्या मुलामुलींना विचारलं, तेव्हा जवळपास 90 टक्के घरांत स्मार्टफोन होता. पण ज्यांना तो वापरता येतो त्यांच्यात स्वतःचा फोन असलेले मुलगे 43.7 टक्के आणि मुली 19.8 टक्के. त्याआधी 2021 च्या पाहणीत दिसलं होतं की घरात स्मार्टफोन असूनही चारातल्या एका मुलाला तो हाताळायलाच मिळत नाही. तुम्ही शहरात राहता, हे आकडे खेड्यांतले. पण तुमच्या घरातलं चित्र याहून वेगळं आहे का? शाळेच्या यादीत तुमच्या नावापुढे ‘फोन आहे’ अशी खूण असणार. ती खरी आहे. फोन रात्री 8 वाजता कारखान्यात जातो, हे त्या यादीत कुठे लिहायचं याला रकानाच नाही.

मी स्वतः 26 वर्षं शाळेत शिकवलं, त्यामुळे हे दुरून बोलत नाही. 2020 मध्ये शाळा बंद झाल्या, ‘शाळा बंद, पण शिक्षण सुरू’ असं अभियान निघालं, आणि मी घरातल्या स्वयंपाकघरात बसून फोनवर 9 वीचा वर्ग घ्यायला लागले. पटावर 40 च्या वर मुलं, पडद्यावर 15-16. मी हजेरी घ्यायची आणि बाकीच्यांपुढे गैरहजर लिहायची. एक हुशार मुलगी सलग 2 महिने गैरहजर होती. मी तिच्या नावापुढे शेरा लिहिला, ‘अभ्यासात रस नाही’. शाळा उघडल्यावर ती आली तेव्हा तिच्याकडे माझ्या प्रत्येक तासाच्या नोंदी होत्या. मैत्रीण दर रविवारी सायकलने येऊन वही द्यायची, ही रात्री उतरवून सोमवारी परत करायची. त्या मुलीला मी गैरहजर लिहिलं होतं. तो शेरा मी तिच्यासमोर खोडला, पण असं काही खोडल्याने जात नाही. म्हणून तुमच्या मुलीच्या बाईंना मी दुष्ट म्हणणार नाही. त्यांना बहुतेक माहीतच नाही. त्यांना माहीत करून देणं हे शाळेतलं पहिलं काम.

हे काम पालकसभेत भर गर्दीत करू नका. मधल्या सुट्टीत किंवा शाळा सुटल्यावर वर्गशिक्षिकेला एकटीला भेटा आणि 3 गोष्टी मागा. गृहपाठ व्हॉट्सॲपवर टाकायचा तर टाका, पण शेवटच्या तासाला फळ्यावरही लिहा. 5 मिनिटं लागतात. व्हिडिओ दाखवायचा असेल तर वर्गात किंवा संगणकाच्या खोलीत सगळ्यांना एकदम दाखवा. आणि रविवारची टेस्ट सोमवारी कागदावर देण्याची परवानगी असू द्या, तेवढ्याच गुणांची. ‘आमच्या मुलीला सवलत द्या’ असं म्हणू नका. ‘ज्यांच्या घरी एकच फोन आहे त्या सगळ्यांसाठी अशी सोय करा’ असं म्हणा. सवलत मागितली की मुलगी वर्गात वेगळी पडते. सोय सगळ्यांसाठी झाली की तिचं नाव कुठे येतच नाही.

आणि एकट्या जाऊ नका. तुमच्या गल्लीत, तुमच्यासारखाच माल घेऊन शिवणाऱ्या बायांमध्ये, त्याच शाळेत मुलं असलेल्या आणखी 3-4 जणी नक्की निघतील. त्यांची मुलंही काहीतरी कारण सांगत असतील. कुणाचा फोन पाण्यात पडला असेल, कुणाचं नेट संपलं असेल. तुम्ही आधी तुमचं सांगा. मग बघा, बाकीच्या कशा बोलत्या होतात.

तोंडी बोलून 8 दिवसांत काही हललं नाही तर मुख्याध्यापकांना साधं पत्र द्या. वहीच्या कागदावर, हाताने लिहिलेलं चालतं. ‘आमच्या घरी एकच स्मार्टफोन असून तो मुलांचे वडील कामावर घेऊन जातात. तरी गृहपाठ, सूचना आणि चाचण्या फोनशिवायही मिळतील अशी व्यवस्था सर्व विद्यार्थ्यांसाठी करावी, ही विनंती.’ खाली सगळ्या पालकांच्या सह्या. एक झेरॉक्स स्वतःजवळ ठेवा आणि तिच्यावर कार्यालयाचा शिक्का आणि तारीख घ्या. शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असते. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे तिचे तीन चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात आणि एकूण सदस्यांत निम्म्या स्त्रिया. त्यातल्या एखाद्या पालक बाईला गाठा आणि हा विषय बैठकीत घ्यायला सांगा. याच कायद्याच्या कलम 3 मध्ये म्हटलंय की 8 वीपर्यंतचं शिक्षण पूर्ण करण्यात अडथळा ठरेल असा खर्च मुलावर पडू नये. तुमचा मुलगा 8 वीत आहे, म्हणजे तो या कलमात बसतो. मुलगी त्याच्या बाहेर आहे, पण त्याच शाळेत एका भावंडाला फळ्यावर गृहपाठ आणि दुसरीला नाही, असं कोणती शाळा करील? कायदा खिशात असू द्या, टेबलावर आपटू नका. वर्षभर मुलीला तिथेच शिकायचंय.

हे सदर शिक्षकही वाचतात, म्हणून 2 शब्द त्यांच्यासाठी. तुमच्यावर माहिती भरण्याचा, फोटो पाठवण्याचा, लिंक पुढे ढकलण्याचा किती ताण आहे ते मला माहीत आहे. ग्रुपवर गृहपाठ टाकला की काम झालं असं वाटतं, कारण समोर निळ्या खुणा दिसतात. पण ज्याच्याकडे फोन नाही त्याची खूण दिसतच नाही. 2020 मध्ये याच सोलापुरात, नीलमनगर भागात, शिक्षकांनी घरांच्या भिंती रंगवून त्यांवर धडे लिहिले होते. पालघर आणि नाशिककडच्या पाड्यांवर लाउडस्पीकर फिरले. सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीच्या मुलांसाठी ‘टिलीमिली’ सुरू झालं. तेव्हा फोन नसलेलं मूल सगळ्यांच्या नजरेसमोर होतं, म्हणून भिंतीही बोलायला लागल्या. आता शाळा भरते, ते मूल रोज तुमच्यासमोर पहिल्या-दुसऱ्या बाकावर बसतं, आणि तरी दिसत नाही. जूनमध्ये वर्गात ‘कोणाकडे फोन नाही, हात वर करा’ असं कृपा करून विचारू नका. तो हात वर होत नाही. एका चिठ्ठीवर लिहून घ्या: घरात फोन किती, माणसं किती, संध्याकाळी फोन कोणाजवळ असतो. 10 मिनिटांचं काम आहे.

आता ताई, तुमच्या घरात येते. हा भाग नाजूक आहे, पण तुम्ही विश्वासाने लिहिलंत म्हणून स्पष्ट बोलते.

संध्याकाळी फोन घरात असतो तेव्हा आधी मुलगा घेतो, असं तुम्ही लिहिलंय. का ते लिहिलं नाही. बहुतेक तो मागतो, ओढतो, म्हणून. आणि मुलगी समजूतदार आहे, थांबते. आपल्याकडे समजूतदार मुलीचा वाटा नेहमी शेवटी येतो, भाकरीचाही आणि फोनचाही. 8 वीतल्या मुलाला तेवढा फोन लागत नाही. त्याला काय हवं असतं ते तुम्हालाही माहीत आहे. त्याला शिक्षा करायची नाही. एवढंच सांगायचं की दहावीचं वर्ष ताईचं, तिची वेळ आधी. ही गोष्ट त्याला वडिलांनी सांगितली तर उत्तम.

तुमचं पत्र वाचताना एक हिशेब माझ्या लक्षात आला, तो तुमच्या धावपळीत निसटला असेल. यजमान सकाळी 8 ला येतात. चहा घेऊन झोपत असतील. फोनही उशाशी झोपतो. शाळा 11 ची. म्हणजे साडेआठ ते दहा हा दीड तास फोन घरात रिकामा पडलेला असतो, घर शांत असतं, आणि मुलगी ताजी असते. संध्याकाळच्या ओढाताणीतल्या 20 मिनिटांपेक्षा हा दीड तास सोन्यासारखा आहे. फोन आला तर ती तुमच्याकडे आणून देईल, झोपमोड व्हायची नाही. आणि अजून एक: त्यांच्या फोनला रोजचा ठरावीक डेटा मिळत असेल, दीड जीबी वगैरे. तो रात्री 12 ला संपतो, उरलेला वाया जातो. कामावर असताना चहाच्या सुट्टीत, 12 च्या आत, त्यांनी बाईंनी पाठवलेले व्हिडिओ उतरवून ठेवले, तर सकाळी मुलीला नेट लागणारच नाही. बापाने कारखान्यातून लेकीसाठी धडे घेऊन यायचे. मला वाटतं, हे काम सांगितलं तर त्यांना आवडेल.

त्यांचा ‘पोरीच्या हातात फोन नको’ हा हट्ट मी हट्ट म्हणून झटकून टाकणार नाही. रात्रभर घराबाहेर असणाऱ्या बापाला काळजी वाटणारच. पण त्यांना एक विचारा. मुलगी आत्ता फोन वापरत नाही का? वापरते. समोरच्या घरच्या मुलाचा, त्यांच्या ओट्यावर बसून, उपकाराखाली. तो मुलगा चांगलाही असेल. पण 15 वर्षांच्या मुलीने रोज कोणाकडे तरी काही मागायला जावं आणि नाही म्हणायची सोय तिच्याकडे नसावी, हे मला पटत नाही. बापाचा फोन, बापाच्या घरात, आई समोर मशीनवर बसलेली, यापेक्षा सुरक्षित जागा कोणती? नवा फोन नको म्हणतात तर नको. त्यांचाच फोन दीड तास हवाय. ही मागणी ते नाकारतील असं मला वाटत नाही.

याच संदर्भात केरळमधली एक गोष्ट सांगते. तिथल्या एका कॉलेजच्या मुलींच्या वसतिगृहात संध्याकाळी 6 ते 10 फोन जमा करायचा नियम होता. एका विद्यार्थिनीने तो मानला नाही, तिला वसतिगृहातून काढलं, ती न्यायालयात गेली. सप्टेंबर 2019 मध्ये केरळ उच्च न्यायालयाने तिला परत घ्यायला सांगितलं आणि म्हटलं की इंटरनेट वापरता येणं हा शिक्षणाच्या आणि खासगीपणाच्या हक्काचा भाग आहे. वडिलांना न्यायालय दाखवा असं मी म्हणत नाही. पण मुलीच्या शिस्तीची सुरुवात तिच्या हातातून अभ्यासाचं साधन काढून घेण्यापासून होते, ही सवय खूप घरांत आहे, शिकलेल्यांच्याही.

हप्त्याचं का नको म्हणाले ते सांगते. 1,400 गुणिले 10 म्हणजे 14,000. त्यावर रिचार्ज वेगळं, तेही 28 दिवसांचं, म्हणजे वर्षाला 12 नाही, 13 वेळा. गणवेशाचा हंगाम तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतो: शाळा सुरू होण्याआधीचे महिने मशीन थांबत नाही आणि पावसाळा सरला की काम रोडावतं. म्हणजे हप्ते सुरू होणार ते हाताला काम कमी असताना. हप्त्याच्या काही फोनांत असं ॲप घातलेलं असतं की हप्ता चुकला तर फोनच बंद पडतो. पूर्वपरीक्षेच्या आठवड्यात तसं झालं तर मुलीला पुन्हा ‘दुरुस्तीला दिलाय’ म्हणावं लागेल. आणि नवऱ्याला न सांगता घेतलेल्या वस्तूचा लपवाछपवीचा ताण तिच्या दहावीच्या वर्षात नको. हंगाम लागला, चार पैसे आले, दोघांचं एकमत झालं, तर मे महिन्यात रोख पैशाने, नात्यातल्या कुणाचा वापरलेला फोन घ्या. अनोळखी माणसाकडून बिलाशिवाय घेऊ नका.

मे महिना म्हणाले त्याला कारण आहे. दहावीच्या अभ्यासाला फोन लागतोच असं नाही. दहावीच्या निकालानंतर मात्र लागतो. 2025 पासून अकरावीचा प्रवेश राज्यभर ऑनलाइन झाला आहे. नोंदणी, फॉर्मचे भाग, 10 पर्यंत कॉलेजांचा पसंतीक्रम, कोणत्या फेरीत कुठे नंबर लागला, सगळं तिथेच. तारखा थोड्या दिवसांच्या असतात. तिथे खरी मेख ओटीपीची आहे. नोंदणीला यजमानांचा नंबर दिला तर तुम्ही सायबर कॅफेत बसलेल्या आणि ओटीपी कारखान्यात, असं होईल. म्हणून तुमचा बटणाचा नंबर द्या. ओटीपी साध्या एसएमएसने येतो, बटणाच्या फोनवर बरोबर दिसतो. फॉर्म शाळेतल्या संगणकावरून भरता येतो, पासवर्ड वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवायचा. मुलीच्या आधार कार्डाला आणि बँकेच्या खात्याला कोणता नंबर जोडलाय तेही आत्ताच बघून घ्या. आणि तो बटणाचा नंबर जिवंत ठेवा. बरेच जण रिचार्ज परवडत नाही म्हणून महिनोन्महिने सिम तसंच ठेवतात. 90 दिवस वापर झाला नाही तर कंपनी नंबर बंद करून दुसऱ्याला देऊ शकते, मग शिष्यवृत्तीचा ओटीपी कुणा भलत्याच्याच फोनवर जातो. तुम्हाला नेट लागत नाही, तेव्हा फक्त बोलणं आणि एसएमएस असलेला पॅक मागा. तसे पॅक ठेवणं ट्रायने, म्हणजे फोन कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेने, कंपन्यांना बंधनकारक केलंय. दुकानदार आपणहून सांगणार नाही, विचारावं लागेल.

अभ्यासाचं म्हणाल तर दहावीचा पेपर अजून कागदावर आहे आणि तो बालभारतीच्या पुस्तकातून येतो. पुस्तकातल्या धड्यांजवळ क्यूआर कोड असतात. ते ‘दीक्षा’ या सरकारी शिक्षणाच्या ॲपमधून उघडतात आणि त्यातले पुष्कळ व्हिडिओ एकदा उतरवून ठेवले की नेटशिवाय चालतात. सकाळच्या दीड तासात हे बसतं. भिंगांच्या किरणाकृती, विद्युतधारेचे परिणाम असे धडे पाहून लवकर कळतात, त्यांचे व्हिडिओ जरूर बघावेत. पण बीजगणित, भूमिती, भाषा यांना फोनची गरज नाही. गेल्या काही वर्षांच्या प्रश्नपत्रिकांचा छापील संच मिळतो, तो घ्या. मागच्या वर्षी दहावी झालेल्या एखाद्या मुलीकडे असेल तर फुकटात मिळेल. सांगली जिल्ह्यात मोहित्यांचे वडगाव म्हणून गाव आहे. तिथे 2022 पासून रोज संध्याकाळी 7 ला भोंगा वाजतो आणि मुलांनी अभ्यासाला बसावं म्हणून दीड तास घरोघरचे टीव्ही आणि मोबाइल बंद होतात. जी गोष्ट तिथे गावाने ठरवून मिळवली, ती रात्री 8 नंतर तुमच्या घरात आपोआप असते. फोन नसलेले ते तास मुलीने कमी लेखू नयेत.

घर लहान असेल, मशीनचा आवाज असेल, तर जवळचं सार्वजनिक वाचनालय बघा. सोलापुरात जुनी, चांगली वाचनालयं आहेत, काहींना अभ्यासिका जोडलेल्या असतात. शाळेतली संगणकाची खोलीही शाळा सुटल्यावर तासभर उघडी ठेवता येईल का, हे त्या पत्रात एका ओळीत घाला. बऱ्याच शाळांत ती खोली चोरीच्या भीतीने कुलपात असते आणि संगणक धूळ खातात. किल्ली कोणाकडे असते ते शिपाई मामांना विचारा, त्यांना सगळं ठाऊक असतं.

पहिलं काम मात्र फोनचं नाही आणि पत्राचंही नाही. उद्या सकाळी यजमान कामावरून आले की चहा देताना त्यांना सांगा, आपली लेक 3 महिने वर्गात काय कारण सांगतेय. मी पैज लावून सांगत नाही, पण ज्या बापाला मुलीच्या हातात फोन नको इतकी तिची काळजी आहे, त्याला हे वाक्य झोपू देणार नाही. हप्त्याचं त्यानंतर बोला, दोघं मिळून.

मुख्याध्यापकांना पत्र दिल्यावर काय झालं ते मला कळवा. आणि मुलीला सांगा, भूमितीत किंवा विज्ञानात जिथे अडत असेल तो प्रश्न स्वतःच्या अक्षरात पोस्टकार्डावर लिहून या सदराच्या पत्त्यावर पाठव. मी उत्तर आकृतीसकट हाताने लिहून टपालाने पाठवीन. त्यासाठी तिला कुणाच्या ओट्यावर जावं लागणार नाही.